पेरलाकची वेस आणि माझे सहा सेंटिमीटर

आमच्या घराण्यात चुकीचं माप घेणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. ही बढाई नाही, नोंद आहे! आमचे बाबा केकचे तुकडे करायला बसले की आधी कोनमापक मागवतात. आजोबा पाथरवट. त्यांनी बसवलेल्या दोन दगडांच्या फटीतून मुंगी गेली तर शपथ! आणि मी, आल्मूट, याच जूनमध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आलेली. म्हणजे तीन पिढ्यांची अचूकता एकाच छपराखाली! आई म्हणते, "या घरात मी एकटीच अंदाजे जगते, म्हणून बाकीचे वेळेवर जेवतात."

तेव्हा आमची गेर्ट्रूड पेरलाकच्या वेशीतून जाईल की नाही, हा प्रश्न माझ्याकडे आला यात नवल नव्हतं.

गेर्ट्रूड म्हणजे आमचं मोटारहोम. सात मीटर लांब, पांढरीशुभ्र, आणि समोरून पाहिलं तर दाढ सुजलेल्या बाईसारखी. चालकाच्या डोक्यावर पलंग, मधे स्वयंपाकघर, मागे सामानाचा कोनाडा. आणि पेरलाक म्हणजे फ्रान्सच्या नैऋत्येला टेकडीवर बसलेलं आमचं जोडगाव. आमचं जर्मनीतलं ओबरहासलिंगन आणि त्यांचं पेरलाक यांच्यात पन्नास वर्षांपूर्वी मैत्रीचा करार झाला. करारावर सह्या सरपंचांनी केल्या, पण घाम गाळला तो दोन पोरांनी. एक आमचे वेन्डेलिन आजोबा आणि दुसरे तिथले फुल्क्राँ. दोघांनी मिळून पेरलाकच्या सहाशे वर्षं जुन्या वेशीची ढासळलेली कमान पुन्हा उभी केली, आणि मग हातात हात घालून पहिल्यांदा तिच्याखालून गेले.

आता पन्नासावं वर्ष! त्याच वेशीतून, त्याच दोघांच्या मागून, दोन्ही गावांची मिरवणूक निघणार होती. आजोबांनी भेट म्हणून एकशे नव्वद किलोंचा दगड कोरला होता. एका बाजूला आमच्या गावाचं चिन्ह राजहंस, दुसऱ्या बाजूला त्यांच्या गावाचं चेस्टनटचं झाड. तो दगड गेर्ट्रूडच्या पोटातून थेट चौकात न्यायचा होता, आणि चौकात जायचा रस्ता एकच. वेशीतून!

फुल्क्राँ आता वेशीचे राखणदार आहेत. तीन मीटरहून उंच गाडी ते आत सोडत नाहीत. त्यांनी आजोबांना पत्र लिहिलं, "वेन्डेलिन, तू शब्द देत असशील तर साखळी उघडतो. पण वेशीला एक ओरखडा जरी आला, तर मिरवणुकीत मी तुझा हात धरणार नाही. तू तुझ्या वाटेनं जा, मी माझ्या."

आजोबांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं. "बोल, पदवीधर. देऊ शब्द?"

मी मापं मांडली. वेशीची उंची तीन मीटर अकरा. पूर्ण भरलेल्या गेर्ट्रूडची उंची तीन मीटर पाच. "सहा सेंटिमीटर मोकळे राहतात," मी म्हणाले. "आजोबा, द्या शब्द!"

आणि त्यांनी दिला. माझ्या सहा सेंटिमीटरांवर पन्नास वर्षांची मैत्री टांगली!

पुढचा आठवडा बाबांचा. साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि बाबांच्या लेखी साडेतीन टन हा आकडा बायबलातल्या दहा आज्ञांच्या लगेच खाली येतो. दगड चढला म्हटल्यावर बाकी सगळं उतरायला लागलं. बाबांनी न्हाणीघरातला वजनकाटा ओसरीवर मांडला आणि एकेक वस्तू तोलली.

"गुंडुला, बुटांच्या दोन जोड्या कशाला?"

"बरं, एकच नेते," आई म्हणाली. "डावा सकाळी घालते, उजवा संध्याकाळी."

"ही चार पुस्तकं?"

"वाचायला."

"मग वाच आणि इथेच ठेव!"

क्रेसेन्झ आजीच्या चार किलो कांद्यांना मात्र हात लावायची कोणाची छाती झाली नाही. पेरलाकच्या मेजवानीला ती आमचे श्पेट्झ्ले करणार होती. घरच्या शेवयांवर खरपूस कांदा पडला नाही तर ती त्याला जेवण म्हणत नाही.

तीन दिवसांत आम्ही वाटेवरची अकरा ऐतिहासिक गावं पाहिली. आईच्या मते आम्ही अकरा ऐतिहासिक दरवाजे पाहिले. प्रत्येक ठिकाणी मी सरावासाठी वेस मोजत होते, बाबा माझी टेप धरत होते, आणि आई चर्चकडे धावत जाऊन धापा टाकत परत येत होती. "रंगीत काचा होत्या म्हणे," ती सांगायची. "मी पळताना निळा रंग पाहिला."

निघण्याआधी मात्र प्रत्येक वेळी माझी यादी! एकतीस कलमं. गॅस, पायरी, कपाटं, खिडक्या, पाण्याचा नळ, सगळं. प्रत्येकापुढे पेन्सिलीची बारीक खूण. बाबा त्या कागदाकडे इतक्या मायेनं पाहायचे की मी लहानपणी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही एवढ्या मायेनं पाहिलं नसेल.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही पेरलाकच्या वेशीसमोर उभे राहिलो. अर्धं गाव जमलेलं. फुल्क्राँ साखळीची किल्ली गळ्यात घालून, पांढऱ्या मिशा ताठ करून उभे.

"या वेशीनं इंग्रज अडवले," ते मला म्हणाले. "प्लेग अडवला. करवसुलीवाले तर दरवर्षी अडवले. पण स्वयंपाकघर अडवायची पाळी तिच्यावर अजून आलेली नाही. बघू या!"

बाबांनी गोगलगायीला लाज वाटेल अशा वेगानं गेर्ट्रूड आत घातली. दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नव्हती. मी पुढे उलटं चालत हात हलवत होते. आणि गेली! वरती सहा सेंटिमीटर मोकळे, अगदी सांगितले तेवढे! गावानं टाळ्या वाजवल्या. फुल्क्राँनी आजोबांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाले, "नातीनं बापजाद्यांचं नाव राखलं रे!" मी मान खाली घातली. लाजून नव्हे, आनंदानं फाकलेलं तोंड दिसू नये म्हणून.

दगड उतरला, चौकात बसला. मग जेवण. पेरलाकमध्ये बारा ते अडीच या वेळात गावाला आग लागली तरी ती अडीचनंतर विझवतात. आजी तेवढी लवकर उठून गेर्ट्रूडमध्ये कांदा परतायला गेली.

तीन वाजता सरपंच सोलांज बार्तासबाई आल्या. "चौकात टेबलं मांडायची आहेत. तुमची गाडी तेवढी वेशीबाहेर घ्या. चारला तुमच्या बँडची बस येतेय, पाचला मिरवणूक!"

दोनशे मीटरचं अंतर. मी खिशातून यादी काढली. एकतीसच्या एकतीस खुणा सकाळीच केलेल्या होत्या. पुन्हा नव्यानं कशाला? गॅस तेवढा बंद केला, यादी घडी करून परत खिशात ठेवली आणि बाबांना हिरवा कंदील दिला. आजी कढई मांडीवर घेऊन आतच बसली. आई आणि आजोबा माझ्याबरोबर चालत निघाले.

गेर्ट्रूडचं तोंड वेशीबाहेर आलं. खांदे बाहेर आले. आणि...

खर्रर्र! टक!

आयुष्यात मी पुष्कळ आवाज मोजले आहेत. हा मोजायची हिंमत झाली नाही.

"थांबा!" फुल्क्राँ असे ओरडले की पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्याही थांबल्या असतील. "एक बोटभरही हलवायची नाही! पुढे नाही, मागे नाही! काय घासतंय ते कळल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही!"

"मागे घेतली तर..." बाबांनी खिडकीतून डोकं काढलं.

"मागे घेताना दगड निखळला तर? पुन्हा पन्नास वर्षांनी बसवायला येशील?"

गेर्ट्रूड अर्धी आत, अर्धी बाहेर, बाटलीच्या तोंडात अडकलेल्या बुचासारखी! मधलं दार भिंतीला टेकलेलं, उघडायची सोय नाही. कमानीखाली मिट्ट अंधार. वरती काय घासतंय ते ना पुढून दिसे ना मागून. आजोबांनी हातातली टोपी दोन्ही हातांनी पिळायला घेतली. फुल्क्राँ त्यांच्यापासून चार पावलं दूर जाऊन उभे राहिले. त्या चार पावलांचं माप मी कधी विसरणार नाही.

"आल्मूट!" आतून आजीचा आवाज. "अगं, वरती ती..."

"आजी, आत्ता नको!" मी म्हणाले. मी विचार करत होते.

गावानंही विचार सुरू केला. पेरलाकमध्ये दार कुरकुरलं, सर्दी झाली, सोयरीक मोडली, तरी उपाय एकच. बदकाची चरबी! सरपंचबाईंनी दोन बरण्या मागवल्यासुद्धा.

"छताला चोपडा आणि ढकला!"

"माझ्या वेशीला चरबी?" फुल्क्राँ कडाडले. "वेस आहे की तळायचा बटाटा?"

"मग ट्रॅक्टर लावा."

"तुझ्या डोक्याला लाव!"

"आल्मूट," पुन्हा आजी, "मी काय म्हणते, मघाशी मी कांदा..."

"आजी, कांद्याचं नंतर!"

सव्वातीन. मी डोळे मिटले. सकाळी गेली, दुपारी अडकली. वेस तीच. गाडी तीच. मग बदललं काय? दगड उतरला! माणसं उतरली! पाण्याची टाकी संपली! सहाशे चाळीस किलो कमी झाले, स्प्रिंगा उघडल्या आणि गेर्ट्रूड वर उचलली गेली! उंची मी मोजली होती ती भरलेल्या गाडीची. ही होती रिकामी गाडी!

"सापडलं!" मी किंचाळले आणि जेवणानंतर खिशात राहिलेल्या कागदी रुमालावर गणित मांडलं. सहाशे चाळीस किलोंना गाडी किती वर येईल? स्प्रिंगांचा नेमका आकडा हाताशी नव्हता. मी एक गृहीत धरला. उत्तर आलं साडेसहा सेंटिमीटर! सहाहून अर्धा जास्त. तंतोतंत अडकण्याइतकं! इतकं सुंदर उत्तर मला परीक्षेतही कधी आलं नव्हतं.

मी समजावून सांगितलं. आजोबांनी टोपी पिळणं थांबवलं. फुल्क्राँ एक पाऊल जवळ आले.

"म्हणजे," ते म्हणाले, "जेवढं वजन उतरलं तेवढं परत चढवलं की खाली बसेल?"

"हो! फक्त मला प्रत्येकाचं वजन नेमकं हवं."

झालं! एवढा वेळ खांद्याला खांदा लावून उभं असलेलं गाव एका क्षणात पांगलं. बाबांनी वजनकाटा गावकऱ्यांपुढे मांडला तेव्हा तर बायका अशा मागे सरल्या की जणू त्यावर साप बसलाय.

"तीस वर्षांपूर्वीचं सांगितलं तर चालेल का?" पाववाल्याच्या बायकोनं विचारलं.

"मी मुळीच चढणार नाही," सरपंचबाई म्हणाल्या. "मार्चमध्ये निवडणूक आहे."

"आजी," मी चालकाच्या खिडकीतून आत ओरडले, "तू आत आहेस, तुझं वजन धरायला हवं. किती गं?"

आत कढई खणकन आपटली.

"आजी?"

"अख्ख्या गावासमोर?" आजीचा आवाज बर्फासारखा. "मी तुला एक गोष्ट सांगणार होते. आता मुळीच सांगणार नाही! बस तुझी गणितं करत!"

तेवढ्यात गर्दीतून तीन डोंगर पुढे आले. पाववाला, खाटीक आणि पोस्टमन. पेरलाकच्या रग्बी संघाची जुनी पुढची फळी! जगात एवढीच एक जमात असेल जी वजन सांगताना छाती काढते.

"एकशे अठरा!" पाववाला गरजला.

"एकशे बारा," खाटीक म्हणाला, "आणि आत्ताच जेवलोय, त्याचे दोन वेगळे धर."

"एकशे सात," पोस्टमन ओशाळून म्हणाला. "पायी टपाल वाटतो ना."

पण आता बाबा आडवे आले! "हे तिघे, आम्ही चौघं, आजी, वर पाणी... आल्मूट, साडेतीन टनांच्या वर जातंय!"

"बाबा, दोन मीटरच तर जायचंय!"

"कायदा मीटर मोजत नाही! एकवीस वर्षांत मी शंभर ग्रॅम जास्त नेलेले नाहीत. आणि आता तुझ्या आजोबांच्या समारंभात गुन्हेगार होऊ?"

सरपंचबाईंनी गळ्यातला सरपंचपदाचा तिरंगी पट्टा नीट केला. "वेशीखालचा रस्ता ग्रामपंचायतीचा आहे. पुढची दहा मिनिटं तो मी रहदारीला बंद केला आहे. बंद रस्त्यावर रहदारीचा कायदा कसला?"

बाबांनी डोळे मिटून विचार केला. "लिहून द्या," ते म्हणाले.

दिलं. खाटकाच्या पाठीवर कागद ठेवून दिलं. जागा भरपूर होती.

मग भरती! चालकाच्या दारातून एकेक डोंगर आत ढकलला. बागेच्या नळीनं टाकी भरली. आई चढली, आजोबा चढले. मी बाहेर चाकाशी मोजपट्टी घेऊन. तरी थोडं कमीच भरत होतं. शेवटी सरपंचबाईंनी सुस्कारा सोडला.

"चढते. पण माझं वजन विचारायचं नाही. मी बसल्यावर गाडी किती खाली जाते तेवढंच बघायचं."

मी बघितलं. भागाकार आपोआप झाला. पण मी आजतागायत तोंड उघडलेलं नाही!

फुल्क्राँनी कमानीच्या दगडावर तळहात ठेवला, नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखे डोळे मिटले, आणि मान हलवली. बाबांनी क्लच सोडला. आतून आजीचा आवाज आला, "माझ्या कढईवर कोण बसलंय?" वरती एक बारीकशी सुर्रर्र झाली... आणि गेर्ट्रूड बाहेर!

शिडी आली. फुल्क्राँ भिंग घेऊन चढले. एकेक दगड त्यांनी बोटानं चाचपला. मी श्वास किती सेकंद रोखला होता ते मोजायचं राहूनच गेलं.

"एक कणही गेलेला नाही," ते वरून म्हणाले, आणि उतरून तडक आजोबांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "वेन्डेलिन, म्हाताऱ्या, तुझा शब्द खरा ठरला. दे हात!"

त्याच क्षणी खालच्या वळणावर आमच्या बँडची बस दिसली.

पाच वाजता दोन म्हातारे हातात हात घालून वेशीतून गेले. मागे राजहंसाचा झेंडा, चेस्टनटचा झेंडा, बत्तीस वाजंत्री आणि पुढची फळी. आजोबा कमानीखाली क्षणभर थांबले. वर बघून त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी बसवलेल्या आपल्या दगडांना टोपी काढून नमस्कार केला. आई रडली. बाबा रडले आणि म्हणाले, चष्म्यात काहीतरी गेलं. सरपंचबाईंनी भाषणात माझं नाव तीनदा घेतलं. "विज्ञानानं आमची वेस वाचवली!" टाळ्या! मी उभी राहून वाकले. तीनदा.

संध्याकाळी आम्ही गेर्ट्रूड नदीकाठच्या तळावर लावली. आई पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "किती छान! इथून आकाश दिसतंय."

"आकाश?" मी म्हणाले. "छतातून?"

मी वर पाहिलं. शेगडीवरची छताची खिडकी उघडी होती. तिचं झाकण पाच सेंटिमीटर वर उचललेलं होतं आणि त्याच्या कडेवर एक लांब, ताजा ओरखडा.

"कांद्याचा धूर बाहेर जावा म्हणून उघडली होती मी," आजी कढई घासत शांतपणे म्हणाली. "तुझ्या बापाचाच नियम आहे ना, गाडीत वास नको म्हणून? तेच सांगत होते तुला. एकदा नाही, दोनदा! तू म्हणालीस, आत्ता नको. मग तू माझं वजन विचारलंस."

मी खिशातली यादी काढली. सतरावं कलम, छताची खिडकी बंद. पुढे सकाळची माझी सुबक, बारीक खूण.

दुसऱ्या दिवशी सगळे नदीवर गेल्यावर मी रिकामी गेर्ट्रूड मोजली. तीन मीटर साडेआठ. म्हणजे ती वर आली होती फक्त साडेतीन सेंटिमीटर. खिडकी बंद असती तर अडीच सेंटिमीटर राखून ती शीळ घालत बाहेर पडली असती. हात वर करून तेवढं झाकण ओढायला आजीला चार सेकंद लागले असते. मी त्यासाठी एक फ्रेंच ग्रामपंचायत गाडीत कोंबली!

मी सांगणार होते, खरंच! पण गेल्या महिन्यात पेरलाकहून पाकीट आलं. आत एक फोटो. वेशीवर पितळी पाटी लागली आहे. तीन मीटरहून उंच गाड्यांना आता प्रवेश आहे, मात्र बाहेर पडताना पुढची फळी आत बसवणं बंधनकारक, आल्मूटच्या नियमानुसार. फुल्क्राँनी खाली लिहिलंय की तिघे डोंगर दर शनिवारी वेशीपाशी खुर्च्या टाकून कामाची वाट बघत बसतात. आजोबांनी तो फोटो चौकटीत घालून बैठकीत टांगलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. खिळा मात्र भिंतीच्या बरोबर मधोमध, बाबांनी मोजून ठोकलेला.

आजी अजून कोणाला काही बोललेली नाही. फक्त रविवारी श्पेट्झ्लेची तिसरी वाढणी मी नको म्हटली की ती सावकाश वर, छताकडे बघते.

मी मुकाट्यानं ताट पुढे करते. आणि वजन? ते कोणी विचारायचं नाही!